नव्या कारखानदारासाठी घसाऱ्याचा आणि प्रकल्प-मूल्यांकनाचा हिशेब

घसाऱ्याचा तक्ता सीए मार्चअखेरीस करतात, पण त्यातले आकडे यंत्र गेटातून आत येतं त्या आठवड्यातच ठरून जातात. कोणता खर्च किमतीत धरला, पैसे रोख दिले की बँकेतून, यंत्र कोणत्या तारखेला खरोखर चालू झालं, या तीन गोष्टींचा कागद तेव्हाच ठेवावा लागतो. सहा महिन्यांनी तो कोणी तयार करून देऊ शकत नाही. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागात मशीन शॉप किंवा फाउंड्री काढणारे, वडगाव-खासबागेत माग बसवणारे, खानापूर-निपाणीकडे लहान प्रक्रिया उद्योग सुरू करणारे, अशा पहिल्यांदा हिशेबाला बसणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. दर आणि नियम भारतभर एकच आहेत. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर धंदा करताना काही गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात, त्या त्या-त्या जागी सांगितल्या आहेत.

आधी थोडे शब्द

स्थिर मालमत्ता म्हणजे एका वर्षापेक्षा जास्त काळ धंद्यात वापरण्यासाठी घेतलेली, विकण्यासाठी न ठेवलेली वस्तू. स्थावर मालमत्ता म्हणजे जमीन आणि इमारत. लेथ, टेम्पो, संगणक, खुर्च्या या स्थावर नाहीत, तरी स्थिर मालमत्ता आहेत. बँकेचा फॉर्म भरताना या दोन शब्दांची सरमिसळ फार होते आणि यंत्रांची रक्कम तारणाच्या रकान्यात चुकीच्या जागी पडते. वस्तू कोणत्या धंद्यात आहे यावरही ठरतं. लेथ विकणाऱ्या दुकानदाराकडे लेथ हा माल आहे, तुमच्याकडे ती स्थिर मालमत्ता आहे.

मूळ किंमत म्हणजे वस्तू वापरायोग्य होईपर्यंत लागलेला सगळा खर्च. तिची किंमत वापरामुळे, काळामुळे किंवा तंत्र जुनं झाल्यामुळे दरवर्षी जेवढी कमी धरायची तो घसारा. आजवरच्या घसाऱ्याची बेरीज म्हणजे संचित घसारा, आणि मूळ किमतीतून तो वजा केल्यावर उरते ती पुस्तकी किंमत. अजून उभारणी चालू असलेली शेड किंवा अर्धवट बसवलेली भट्टी ‘कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस’ या खात्यात ठेवायची. वापर सुरू होईपर्यंत तिच्यावर घसारा धरत नाहीत.

घसाऱ्याचे पैसे कोणाच्या हातात जात नाहीत. पैसे यंत्र घेतानाच गेलेले असतात, घसारा फक्त तो खर्च वर्षांवर वाटून टाकतो. ही गोष्ट पुढे प्रकल्पाचं गणित करताना फार महत्त्वाची ठरते.

पायरी १: हे भांडवली आहे की चालू खर्च?

बिल हातात आलं की पहिला प्रश्न हाच. लेथची मोटर जळाली आणि तशीच दुसरी बसवली, तर ती दुरुस्ती, त्या वर्षीचा खर्च. त्याच जुन्या लेथला सीएनसी (संगणकाने चालणारा) कंट्रोलर बसवून तिची क्षमता बदलली, तर ते भांडवली, म्हणून यंत्राच्या किमतीत मिळवायचं. इंडक्शन भट्टीचं लायनिंग वारंवार बदलावं लागतं, म्हणून ते चालू खर्चात जातं. भट्टीचं पॅनेल आणि कॉइल ही मात्र मालमत्ता.

जमिनीवर घसारा नसतो. म्हणून शेडसह जागा घेतली तर खरेदीखतातली एकूण रक्कम जमीन आणि बांधकाम अशी विभागून घ्या, मूल्यांकनकर्त्याचा दाखला जोडा. विभागणी नसेल तर तपासणीच्या वेळी बांधकामाचा आकडा तुमच्या बाजूने ठरेलच असं नाही. केआयएडीबीची (कर्नाटकचं औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ) जागा ‘लीज-कम-सेल’ अटीवर, म्हणजे आधी भाडेपट्टा आणि नंतर खरेदीपत्र, मिळालेली असेल, तर भरलेल्या रकमा खरेदीपत्र होईपर्यंत वेगळ्या खात्यात दाखवा आणि करारनाम्याची प्रत फाइलला लावा.

हेस्कॉमकडे, म्हणजे वीज कंपनीकडे, भरलेली अनामत रक्कम ही परत मिळणारी ठेव आहे, तिच्यावर घसारा नाही. ट्रान्सफॉर्मर, केबल आणि पॅनेलसाठी तुम्ही केलेला खर्च मात्र मालमत्ता आहे. एकाच फाइलमध्ये दोन्ही पावत्या असतात आणि घाईत दोन्हींची एकच नोंद होते. ती चूक इथे हमखास दिसते.

पायरी २: मूळ किंमत नीट बांधा

उदाहरण घेऊ. उद्यमबागेतल्या एका जॉबवर्क शॉपने सीएनसी लेथ घेतली. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

यंत्राची करपूर्व किंमत १८,००,००० रुपये. वाहतूक आणि वाटेतला विमा २५,०००. क्रेनने उतरवणं ८,०००. काँक्रीटचा पाया ४७,०००. केबल, एमसीबी आणि अर्थिंग ४५,०००. बसवणं, लेव्हल करणं आणि चाचणी ५०,०००. कर्ज १५ लाखांचं, व्याज १० टक्के, आणि पैसे दिल्यापासून यंत्र चालू होईपर्यंत दोन महिने गेले, त्याचं व्याज २५,०००. बेरीज २०,००,०००. पुस्तकात यंत्र २० लाखांनी येईल, १८ लाखांनी नाही.

आता काय धरायचं नाही. ऑपरेटरचं प्रशिक्षण, उद्घाटनाची पूजा आणि आलेल्यांना दिलेला कुंदा, पुढच्या वर्षाचा विमा, वार्षिक देखभाल करार, यंत्र चालू झाल्यानंतरचं व्याज, हे सगळं त्या-त्या वर्षीच्या खर्चात. आयकरातही व्याजाची रेघ तीच आहे. यंत्र वापरात येईपर्यंतचं व्याज किमतीत, त्यानंतरचं खर्चात.

जीएसटीचा आकडा मुद्दाम वेगळा ठेवला आहे. १८ टक्क्यांनी ३,२४,००० रुपये होतात. तुम्ही नोंदणीकृत असाल तर ते इनपुट क्रेडिट म्हणून घ्या, म्हणजे विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करा, आणि किमतीत धरू नका. कराच्या रकमेवर घसारा घेतला तर तेवढं क्रेडिट मिळत नाही, कायदा दोन्ही फायदे एकत्र देत नाही. कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत, असाल तर क्रेडिट नाहीच, मग कर किमतीत मिळवायचा.

बांधकामावरच्या जीएसटीचं क्रेडिट सहसा अडवलेलं असतं, म्हणजे शेडच्या सिमेंट-पत्र्यावरचा कर किमतीत जातो. पण यंत्राच्या पायाचं आणि त्याला आधार देणाऱ्या सांगाड्याचं क्रेडिट मिळतं. म्हणून पायाचं बिल कंत्राटदाराकडून वेगळं घ्या. शेडच्या एकूण बिलात पाया मिसळला तर तो भाग सिद्ध करणं अवघड जातं.

सीमेवरची खास गोष्ट इथे येते. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीतून, कोल्हापुरातून किंवा इचलकरंजीतून यंत्र आणलं, तर अंतर कितीही कमी असलं तरी ती आंतरराज्य खरेदी आहे. बिलावर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी, हवा. पुरवठादाराने चुकून महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात लागणारा जीएसटी) लावला, तर कर्नाटकातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळणार नाही. माल स्वतःच्या टेम्पोतून आणला म्हणून व्यवहार महाराष्ट्रातला होत नाही. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. ती प्रतही बिलासोबत ठेवा, कारण यंत्र कधी आलं याचा तो चांगला पुरावा असतो.

महाराष्ट्रात नोंदलेला जुना टेम्पो घेऊन तो केए २२ किंवा केए २३ वर आणला, तर कर्नाटकात भरलेला रोड टॅक्स आणि नोंदणीचा खर्च टेम्पोच्या किमतीत मिळवायचा. तो परत मिळत नाही, म्हणून तो किमतीचाच भाग.

रोखीचा नियम विशेष जपा. मालमत्तेसाठी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली, तर आयकरासाठी तेवढी रक्कम किमतीत धरलीच जात नाही. जुन्या मागांचा व्यवहार अजूनही बराचसा रोखीने होतो. चार माग दोन लाखांना रोख घेतले तर घसाऱ्याच्या तक्त्यात त्यांची किंमत शून्य. बँकेतून पैसे द्या, आणि विकणारा नोंदणीकृत नसेल तर त्याच्या सहीची पावती घ्या. तिच्यावर मागाचा क्रमांक, त्याचा पत्ता आणि पॅन हवा.

सरकारी अनुदान मिळालं असेल तर तेवढं मूळ किमतीतून वजा होतं. अनुदान पुढच्या वर्षी आलं तर त्या वर्षी गटाच्या (आयकरात एकत्र धरलेल्या एकाच दराच्या वस्तूंच्या, पायरी ४ पाहा) शिलकीतून वजा करतात. बरेच जण ते थेट भांडवल खात्यात टाकतात आणि पूर्ण किमतीवर घसारा घेत राहतात. पुढे ती रक्कम व्याजासह भरावी लागते.

टॅलीतली नोंद सोपी आहे: यंत्र खाते नावे १८,००,०००, आयजीएसटी इनपुट नावे ३,२४,०००, पुरवठादार जमा २१,२४,०००. वाहतूक, क्रेन, पाया यांच्या नोंदी थेट यंत्र खात्याला करा. ‘वाहतूक खर्च’ किंवा ‘दुरुस्ती’ या खात्यांत टाकून मार्चमध्ये शोधत बसू नका.

पायरी ३: चालू झाल्याची तारीख

आयकरात यंत्र घेतलं त्या वर्षी ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्या वर्षी अर्धाच दर मिळतो. एप्रिल ते मार्च या वर्षात ३१ मार्चपर्यंत पूर्ण १८० दिवस हवे असतील, तर यंत्र ३ ऑक्टोबरपर्यंत चालू झालेलं असावं लागतं. फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल त्या वर्षी ४ ऑक्टोबर चालतो.

आपल्याकडे नवं यंत्र दसऱ्याला सुरू करण्याची पद्धत आहे आणि खंडेनवमीला यंत्रपूजाही होते. दसरा कोणत्या तारखेला येतो त्यावर मोठी रक्कम फिरते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे त्या दिवशी चालू केलेल्या यंत्राला पूर्ण घसारा. २०२४ साली तो १२ ऑक्टोबरला होता आणि २०२६ साली २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे अर्धा. आपल्या २० लाखांच्या लेथवर १५ टक्के दराने पूर्ण घसारा ३,००,०००, अर्धा १,५०,०००. मुहूर्त पाळायचा असेल तर जरूर पाळा. पण यंत्र सप्टेंबरमध्ये येऊन बसलं असेल, तर चाचणी संपवून प्रत्यक्ष काम सुरू करा आणि पूजा दसऱ्याला करा. अर्धा दर मिळाला म्हणून उरलेला घसारा बुडत नाही, तो शिलकीत राहतो आणि पुढच्या वर्षांत मिळतो. पहिल्या वर्षाचा कर मात्र वाढतो, आणि पहिल्या वर्षीच पैशाची ओढ जास्त असते.

‘वापरात’ म्हणजे बिलाची तारीख नाही आणि यंत्र आल्याची तारीखही नाही. पुरावा म्हणून पुरवठादाराच्या इंजिनिअरचा इन्स्टॉलेशन रिपोर्ट, पहिल्या जॉबचं चलन आणि त्या महिन्याचं वीजबिल ठेवा. वीजजोडणीच आली नसताना यंत्र सप्टेंबरमध्ये चालू दाखवलं तर ते कोणालाही पटणार नाही.

पायरी ४: दोन तक्ते, दोन उद्देश

पुस्तकी घसारा धंद्याची खरी स्थिती दाखवण्यासाठी, आयकराचा घसारा कर काढण्यासाठी. कंपनीला दोन्ही वेगळे ठेवावे लागतात. मालकी किंवा भागीदारीचा लहान धंदा बहुतेक वेळा आयकराचेच दर पुस्तकात वापरतो, आणि लहान धंद्याला ते पुरतं.

कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ मध्ये दर दिलेले नाहीत, उपयुक्त आयुष्य दिलं आहे. सर्वसाधारण यंत्रं १५ वर्षं, कारखान्याची इमारत ३० वर्षं, फर्निचर १० वर्षं, ऑफिसची उपकरणं ५ वर्षं, मोटारकार ८ वर्षं, संगणक ३ वर्षं, सर्व्हर ६ वर्षं. शेवटी उरणारी मोड-किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. आपली लेथ कंपनीच्या पुस्तकात समान हप्ता पद्धतीने धरली तर २०,००,००० वजा १,००,०००, भागिले १५, म्हणजे दरवर्षी १,२६,६६७ रुपये. यंत्र दोन पाळ्यांत चालत असेल तर त्या काळासाठी घसारा ५० टक्क्यांनी वाढतो, तीन पाळ्यांत १०० टक्क्यांनी. उद्यमबागेत दोन पाळ्या नेहमीच्याच. त्यामुळे हजेरीपट आणि उत्पादन नोंदवही सीएंना दाखवा, नाहीतर ते एकच पाळी धरतील.

आयकरात घटत्या शिलकीची पद्धत चालते, म्हणजे दर वर्षी उरलेल्या शिलकीवर टक्केवारी, आणि वस्तू गटात जातात, त्या गटाला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. यंत्रं १५ टक्के, फर्निचर १० टक्के, राहण्याव्यतिरिक्त इमारत १० टक्के, राहण्याची ५ टक्के, संगणक आणि सॉफ्टवेअर ४० टक्के, ट्रेडमार्क-तंत्रज्ञानासारखे हक्क २५ टक्के. टेम्पो स्वतःचा माल नेण्यासाठी असेल तर १५ टक्के, भाड्याने चालवण्याचाच धंदा असेल तर ३० टक्के.

आपली लेथ: पहिल्या वर्षी ३,००,०००, शिल्लक १७,००,०००. दुसऱ्या वर्षी २,५५,०००, शिल्लक १४,४५,०००. तिसऱ्या वर्षी २,१६,७५०, शिल्लक १२,२८,२५०. पाचव्या वर्षाअखेर ८,८७,४०० च्या आसपास. या पद्धतीत शिल्लक कधीच शून्य होत नाही, ती फक्त लहान होत जाते.

उत्पादन करणाऱ्याला नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसारा मिळू शकतो, पण नवी करप्रणाली निवडलेल्यांना तो नाही, आणि आता नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते. जुन्या प्रणालीत राहायचं असेल तर ते वेळेत कळवावं लागतं. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला हा निर्णय वरचेवर बदलता येत नाही, म्हणून एका यंत्राच्या जादा घसाऱ्यासाठी घाईने प्रणाली बदलू नका, निदान तीन वर्षांचा कर मांडून पाहा. सेकंडहँड यंत्र, ऑफिसमधली उपकरणं आणि वाहनं यांना जादा घसारा मिळत नाही.

‘या वर्षी नफा कमी आहे, घसारा पुढच्या वर्षी घेऊ’ असा विचार नवीन माणूस नेहमी करतो. तसं करता येत नाही. तुम्ही मागा किंवा मागू नका, आयकरात घसारा दिला असंच समजतात आणि शिल्लक कमी होते. नफ्यापेक्षा घसारा जास्त झाला तर न वापरलेला भाग वर्षांची मर्यादा न लागता पुढे ओढता येतो. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत, ज्याला लोक ‘चव्वेचाळीस एडी’ म्हणतात, ६ किंवा ८ टक्के नफा दाखवणाऱ्यांनाही हे लागू आहे. त्या टक्केवारीत घसारा आलेलाच असतो. पाच वर्षं त्या योजनेत राहून मग पूर्ण हिशेब सुरू केला, तर यंत्राची शिल्लक पाच वर्षांचा घसारा वजा करूनच सुरू होते.

१९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, गट, घटती शिल्लक आणि १८० दिवस ही पद्धत राहिली. जुन्या पुस्तकातला कलम क्रमांक पत्रव्यवहारात वापरण्याआधी तपासा.

पायरी ५: विक्री आणि मोड

पुस्तकात एकेका यंत्राचा हिशेब होतो. जुनी लेथ ५,००,००० ची, संचित घसारा ४,००,०००, विकली १,५०,००० ला, तर ५०,००० नफा. आयकरात असा वेगळा नफा निघत नाही. गटाची सुरुवातीची शिल्लक ६,००,०००, नवी लेथ २०,००,०००, विक्री वजा १,५०,०००, म्हणजे २४,५०,०००. त्यावर १५ टक्के ३,६७,५००, आणि पुढे नेण्याची शिल्लक २०,८२,५००. एकच टॅली फाइल वापरणारे पुस्तकातला ५०,००० नफा करपात्र उत्पन्नात ठेवतात आणि शिलकीतूनही विक्री वजा करतात. कर दोनदा बसतो. आयकराच्या गणनेत तो नफा आधी वजा करून घ्या.

गटच संपला तर चित्र बदलतं. गटाची शिल्लक २,००,००० आणि सगळे माग ३,१०,००० ला विकले, तर १,१०,००० हा अल्पमुदतीचा भांडवली नफा. माग कितीही जुने असले तरी तो अल्पमुदतीचाच. गटात एखादी वस्तू उरली असेल आणि विक्री शिलकीपेक्षा जास्त असेल, तरी वरची रक्कम नफाच.

ज्या यंत्राचं जीएसटी क्रेडिट घेतलं होतं ते विकताना जीएसटी भरायचा असतो. घेतलेलं क्रेडिट दर तिमाहीला किंवा तिमाहीच्या भागाला ५ टक्क्यांनी कमी करून उरलेली रक्कम, किंवा विक्री किमतीवरचा कर, यातलं जे जास्त ते. भंगारवाल्याला दिलं म्हणून हे सुटत नाही.

पायरी ६: मालमत्ता नोंदवही

एक्सेलची एक शीट पुरते. प्रत्येक यंत्राला क्रमांक द्या आणि तोच रंगाने यंत्रावर लिहा. रकाने असे: वर्णन, कंपनी आणि सीरियल नंबर, पुरवठादार, बिल क्रमांक आणि तारीख, चालू झाल्याची तारीख, जागा, मूळ किंमत, घेतलेलं क्रेडिट, अनुदान, कोणत्या बँकेकडे तारण, विमा, पुस्तकी घसारा, विक्रीची तारीख आणि रक्कम. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शीट हातात घेऊन शॉपमध्ये फिरा. जॉबवर्कसाठी दुसऱ्याच्या शेडमध्ये गेलेलं फिक्श्चर, कोपऱ्यात पडलेला बंद कॉम्प्रेसर, दोन वर्षांपूर्वी विकलेला पण शीटमध्ये असलेला ग्राइंडर, असं काही ना काही सापडतं. विमा दाव्याच्या वेळी सर्वेअर हीच शीट आणि सीरियल नंबर मागतो.

पायरी ७: यंत्र घ्यावं का? प्रकल्पाचं मूल्यांकन

आता तीच लेथ खरेदीच्या आधी तपासू. तास आधी मांडा, रुपये नंतर. ३०० दिवस, १६ तास, म्हणजे ४,८०० तास. सेटिंग, वीज जाणं, काम नसणं हे सोडून ७० टक्के धरले तर ३,३६० तास. ताशी दर ४०० रुपये, म्हणजे १३,४४,००० उत्पन्न. दोन ऑपरेटर महिना १८,००० प्रमाणे ४,३२,०००. ताशी ५ युनिट, ८ रुपये दराने वीज १,३४,४००. टूल, कूलंट, तेल १,२०,०००. देखभाल ४०,०००. जागेचं भाडं आणि इतर ५७,६००. खर्च ७,८४,०००, हातात ५,६०,०००. शेड वडिलोपार्जित असली तरी भाडं धरा, कारण ती दुसऱ्याला दिली असती तर ते मिळालंच असतं.

घसारा इथे फक्त कर काढण्यासाठी वापरायचा. २० टक्के कर धरला तर पहिल्या वर्षी ५,६०,००० वजा ३,००,०००, उरले २,६०,०००, कर ५२,०००, हातातली रोकड ५,०८,०००. पुढची चार वर्षं ४,९९,०००, ४,९१,३५०, ४,८४,८४८ आणि ४,७९,३२०. सुरुवातीची गुंतवणूक यंत्राचे २०,००,००० आणि उधारी-साठ्यात अडकणारे २,००,०००. पाच वर्षांनी यंत्र ८,००,००० ला विकलं जाईल आणि अडकलेले २,००,००० मोकळे होतील असं धरू.

पैसे वसुलीचा काळ साडेचार वर्षांच्या थोडा आत येतो. पण पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, म्हणून १२ टक्के दराने प्रत्येक वर्षाची रक्कम आजच्या किमतीत आणायची. गुणक ०.८९२९, ०.७९७२, ०.७११८, ०.६३५५, ०.५६७४. बेरीज सुमारे २३,४८,६००. त्यातून २२,००,००० गेले की निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे १,४८,६०० रुपये. अधिक आहे, म्हणजे प्रकल्प १२ टक्क्यांपेक्षा जास्त देतो. हेच मूल्य शून्य करणारा दर म्हणजे आयआरआर, तो इथे १४ आणि १५ टक्क्यांच्या मध्ये, १४ च्या जवळ.

या गणितात कर्जाचं व्याज खर्च म्हणून वजा केलेलं नाही, ते १२ टक्क्यांत आलं आहे. दोन्हीकडे धरलं तर चांगला प्रकल्पही तोट्याचा दिसतो. हीच चूक सर्वात जास्त होते.

आता ७० च्या जागी ६० टक्के वापर धरा. तास २,८८०. उत्पन्न १,९२,००० ने घटतं, विजेत १९,२०० वाचतात, पगार तसाच. करानंतर दरवर्षी सुमारे १,३८,००० कमी, आणि निव्वळ वर्तमान मूल्य उणे साडेतीन लाखांच्या आसपास. दहा टक्के कामाने सगळं उलटलं. म्हणून घसाऱ्याचा दर आणि व्याजाचा पाव टक्का यांच्यावर दिवस घालवण्यापेक्षा दोन पक्क्या ग्राहकांकडून महिन्याला किती तास मिळतील ते लेखी घ्या. एकाच मोठ्या ग्राहकावर उभा प्रकल्प असेल तर ६० टक्क्यांचं गणित आधी करा.

बँक मात्र डीएससीआर पाहते, म्हणजे हप्ता आणि व्याज भरण्याइतकी रोकड आहे का. १५ लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं, तर पहिल्या वर्षी मुद्दल ३,००,००० आणि व्याज १,५०,०००. करानंतरचा नफा ८८,०००, अधिक घसारा ३,००,०००, अधिक व्याज १,५०,०००, म्हणजे ५,३८,०००. भागिले ४,५०,०००, उत्तर १.२. बँकांना सरासरी दीडच्या जवळ बरी वाटते. मुदत सात वर्षं मागितली तर देणं ३,६४,२८६ होतं आणि गुणोत्तर १.४८. उत्पन्न फुगवून दाखवण्यापेक्षा मुदत वाढवून मागा, कारण फुगवलेल्या आकड्यावर ठरलेला हप्ता तुम्हालाच भरायचा आहे. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती अनुदान योजनेतून जाणार असाल तर उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख आणि सेवेची २० लाख आहे. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळतं, विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के. शेड शहराच्या हद्दीत आहे की पंचायतीच्या, यावर दहा टक्के फरक पडतो. जागा ठरवण्याआधी हद्द तपासा.

चालू युनिटची किंमत काढताना

भावांची वाटणी, भागीदार बाहेर पडणं किंवा तारण वाढवणं, अशा वेळी पुस्तकी किंमत वापरू नका. १५ टक्क्यांनी घटत आलेली दहा वर्षांची लेथ पुस्तकात मूळ किमतीच्या पाचव्या भागाच्या आसपास दिसते. बाजारात ती जास्त किंवा अगदी कमीही मिळू शकते. यंत्रांसाठी आजच्या नव्या यंत्राची किंमत घेऊन वय आणि स्थितीप्रमाणे कमी करतात. जागेसाठी कर्नाटकात उपनिबंधकांकडचं मार्गदर्शक मूल्य पाहतात, महाराष्ट्रातल्या रेडी रेकनरचा आकडा इथे चालत नाही. शिनोळीत एक आणि बेळगावात एक अशी दोन युनिटं असतील तर दोन्हीकडचे दस्त वेगवेगळ्या दरांनी मांडावे लागतात. फर्मचं यंत्र बाहेर पडणाऱ्या भागीदाराच्या नावावर गेलं, तर फर्मने ते बाजारभावाने विकलं असं धरून कर लागू शकतो. म्हणून वाटणीपत्रावर सह्या होण्याआधी यंत्रनिहाय बाजारभाव आणि आयकरातली गटाची शिल्लक एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहून घ्या, आणि कराचा भार कोण उचलणार ते त्याच पत्रात घाला.